गाडीला स्कार्फ बांधून बघितला : छत्रीवाल्या सनशेडचा दोन महिन्यांचा अनुभव

आधीच सांगून टाकते, समोरच्या काचेला आतून लावायच्या ह्या छत्रीने गाडी गार होत नाही. ज्यांना एवढंच विचारायचं होतं ते सुटले. तरी मी पाचपैकी साडेतीन स्टार देणारे, आणि ते का हे सांगायला जरा लांबण लागणारे, कारण ह्या सहाशे रुपयाच्या वस्तूपायी मी दोन महिने घरच्यांचं डोकं खाल्लंय.

माझी वॅगनार आहे, पांढरी, सहा वर्षांची, डॅशबोर्ड वरून काळा. घर कोथरूडला, ऑफिस खराडीला. आता लगेच कोणीतरी म्हणणार की वनाज ते रामवाडी मेट्रो असताना ताई गाडी कशाला काढता, तर आठवड्यातले तीन दिवस मी मेट्रोनेच जाते पण मंगळवारी आणि गुरुवारी येताना लेकाला स्विमिंगवरून उचलायचं असतं म्हणून गाडी. ऑफिसचं बेसमेंट साहेबलोकांना, आमच्यासारख्यांना मागचं उघडं मैदान. मैदानात झाडं म्हणाल तर एकच सुबाभूळ, तिच्याखालची जागा सकाळी साडेआठला जाते आणि ज्याला मिळते तोही येडा बनतो कारण सावली दुपारपर्यंत सरकून शेजारच्याच्या गाडीवर गेलेली असते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. चारच्या सुमाराला निघाले, दार उघडलं तर भट्टीचं झाकण काढल्यासारखी वाफ अंगावर आली, तीही प्लॅस्टिकच्या वासाची. स्टिअरिंग दोन बोटांनी धरून, मग ओढणी गुंडाळून, असं करत करत स्विमिंगपर्यंत पोचले. लेक ओल्या अंगाने हाफ पँटवर उड्या मारत आला, मागे बसला आणि किंचाळला, "आई, बेल्ट चावला!" बेल्टचं ते धातूचं बक्कल त्याच्या मांडीला लागलं होतं, चांगला लाल वळ उठला. वाटेत अजून एक प्रकार झाला होता तो म्हणजे डॅशबोर्डवरचा गणपती. आमचा बाप्पा दुहेरी टेपने चिकटवलेला, गाडी घेतली तेव्हापासून जागचा हलला नव्हता, त्या दिवशी टेपचा गोंद पार पातळ झाला आणि बंडगार्डनच्या वळणावर बाप्पा डावीकडे निघाले, पुढच्या वळणावर उजवीकडे. मी एका हाताने गाडी चालवतेय आणि एका हाताने देव धरून ठेवलाय. घरी आल्यावर सासूबाईंनी मांडीला खोबरेल लावलं आणि मला म्हणाल्या, "अगं, त्या मुली नाही का तोंडाला बांधतात, तसं काहीतरी बांध गाडीला."

बरोबरच आहे की. पुण्यात दुपारची एकही मुलगी स्कार्फ न बांधता स्कूटी बाहेर काढत नाही, नुसते डोळे दिसतात, आणि गाडी मात्र आपण सहा तास उघड्या तोंडाने उन्हात उभी करतो.

शनिवारी नाना पेठेत गेले. दुकानाचं नाव घेत नाही, कारण तसली दुकानं तिथे ओळीने आहेत आणि माल सगळ्यांकडे तोच. तिथे तीन प्रकार दाखवले. एक ती चंदेरी बबलवाली घडीची चटई, अडीचशेला, जी सक्शन कपने काचेला चिकटते आणि उन्हात कप मऊ पडले की दुपारी आपोआप खाली बसते (पूर्वी होती आमच्याकडे, तिची आता माठाखाली घडी आहे). दुसरी ती स्प्रिंगवाली गोल, पिशवीतून काढली की फाडकन उघडते आणि परत मिटायला इंजिनिअरिंगची डिग्री लागते, दुकानदाराला स्वतःला चार प्रयत्नांत जमली नाही म्हणून त्याने ती हळूच बाजूला सरकवली. आणि तिसरी ही छत्री. हो, खरोखरची छत्री, फक्त गोल नाही, आडवी चौकोनी, दहा काड्या, मध्ये दांडा, बाहेरून चंदेरी कापड आणि आतून काळं.

"टायटॅनियम कोटिंग आहे मॅडम, गाडी एसीसारखी गार राहणार."

"एसीसारखी?"

"म्हणजे... गार."

आठशे पन्नास सांगितले, सहाशेला दिली. मीडियम घेऊन आले तर वॅगनारची काच उंच, वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून ऊन आत आणि नेमकं ड्रायव्हर सीटवर. परत गेले. दुकानात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी लावलेली, त्या पाटीखाली उभं राहून मी माल परत दिला आणि लार्ज घेतली, त्यासाठी पन्नास रुपये वर आणि "घरून माप आणायचं असतं मॅडम" हे फुकट. तर घ्यायला जाताना काचेचं आतून माप घेऊन जा, रुंदी पण आणि उंची पण, आणि उंची तिरकी मोजा, काचेच्या उतारावरून.

लावायची पद्धत सोपी आहे. मिटलेल्या अवस्थेत दांडा आपल्याकडे करून डॅशबोर्डवर ठेवायची, उघडायची, वरची कड आरशाच्या मागे सरकवायची (तिथे कापडाला खाच आहे) आणि दोन्ही सनव्हायजर खाली पाडून तिला दाबून धरायचं. पहिल्या दिवशी दोन मिनिटं लागली आणि आतल्या दिव्याला एक काडी लागली, आता दहा सेकंदात होतं. दांडा मात्र कटकट आहे. मधोमध खाली येतो तो थेट म्युझिक सिस्टिमच्या स्क्रीनला टेकतो, माझ्या स्क्रीनवर एक बारीक चरा आलाय, मी आता दांड्याच्या टोकाला जुन्या मोज्याचा तुकडा रबरबँडने लावलाय. वाकणाऱ्या दांड्याची पण मिळते म्हणे, दोनशे जास्त, घेणार असाल तर तीच घ्या. आणि संध्याकाळी मिटताना काड्यांना हात लावू नका. चार तास काचेला चिकटून त्या लोखंडी काड्या चुलीतल्या उलथन्यासारख्या झालेल्या असतात, मला पहिल्याच दिवशी अंगठ्याला चटका बसला. कापडाला धरून मिटायची.

आता मुख्य प्रश्न, फरक पडतो का. मला "वाटतं बुवा पडतो" असं लिहायचं नव्हतं म्हणून मोजायचं ठरवलं. घरात कोविडच्या वेळची कपाळाला धरायची गन होती, ती डॅशबोर्डवर धरली तर स्क्रीनवर "हाय" आलं. मला क्षणभर वाटलं नमस्कार करतीये. मग कळलं की ती तापापुरतीच बनवलेली, त्रेचाळीसच्या आसपास तिची मजल संपते आणि पुढे ती नुसतं हाय म्हणते. शेवटी भाऊ चाकणला कंपनीत आहे त्याच्याकडून तिथली तापमान मोजायची गन आणली आणि हवेसाठी लेकाच्या सायन्स प्रोजेक्टचा डिजिटल थर्मामीटर पुढच्या दोन सीटांच्या मध्ये सावलीत लटकवला. एका मंगळवारी शेड न लावता, त्याच आठवड्यातल्या गुरुवारी लावून, दोन्ही दिवशी तीच जागा, गाडीचं तोंड तिकडेच, वेळ अडीच, मोबाईलवर बाहेर ३९. ही काही प्रयोगशाळा नाहीये पण आकडे बघा.

शेड नसताना डॅशबोर्ड ७१, स्टिअरिंग ५८, आतली हवा ५१. शेड लावल्यावर डॅशबोर्ड ४९, स्टिअरिंग ४४, आतली हवा ४८.

परत वाचा. डॅशबोर्ड बावीस डिग्रीने उतरला आणि हवा फक्त तीनने. मला आधी वाटलं माझं काहीतरी चुकलं, म्हणून शोधाशोध केली तर जपानच्या ऑटोमोबाईल फेडरेशनने, म्हणजे जेएएफने, २०१२ च्या ऑगस्टमध्ये हेच करून ठेवलेलं निघालं. बाहेर ३५, पांढऱ्या गाडीत हवा ५२ पर्यंत गेली आणि सनशेड लावलेल्या गाडीत ५० पर्यंत. दोन डिग्री, बस्स. पण डॅशबोर्ड पांढऱ्या गाडीचा ७४ आणि शेडवालीचा ५२. काळ्या गाडीत हवा ५७ आणि डॅशबोर्ड ७९. म्हणजे माझी वॅगनार आणि नाना पेठेतली छत्री जपानी निकालाशी जुळली, मला भारी वाटलं, नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "मग पैसे वाया गेले ना?"

नाही गेले! हाच तर मुद्दा आहे आणि दुकानदारही तो नीट सांगत नाही. गाडीतली हवा आपण दार उघडून दोन मिनिटांत बदलू शकतो. तापलेलं स्टिअरिंग, बक्कल, गिअरचा दांडा, सीट, हे बदलता येत नाही, ते एसी लावूनही पंधरा मिनिटं तसंच चटके देत राहतं आणि वर गारवा खात राहतं. शेड ह्या हात लागणाऱ्या वस्तूंना वाचवते. ५८ चं स्टिअरिंग धरता येत नाही, ४४ चं तोंड वाकडं करून धरता येतं. मागच्या सीटच्या बक्कलांवर मात्र तिचा उपयोग नाही, तिथे बाजूच्या काचेतून ऊन येतं, त्यासाठी मी आता दोन्ही बक्कलं सीटच्या फटीत खोचून वर पंचा टाकून जाते. तुळशीबागेतला साधा पंचा, ह्याला स्टार द्यायचे असते तर पाच दिले असते.

हवा का उतरत नाही ते पण सोपं आहे. ऊन काचेतून आरपार आत येतं, काळ्या प्लॅस्टिकवर पडतं, ते तापतं आणि जी उष्णता परत फेकतं ती काचेतून तशी बाहेर जात नाही, शिवाय तापलेली हवा बंद डब्यात अडकलेली. आता शेड आहे काचेच्या आतल्या बाजूला. म्हणजे ऊन आत आल्यावर आपण त्याला अडवतोय, चोर घरात शिरल्यावर दाराला कडी लावण्यासारखं. बरंच ऊन चंदेरी बाजू परत पाठवते पण जे कापडात मुरतं ते आतच राहतं. हो, चंदेरी बाजू काचेकडे! आमच्या पार्किंगमध्ये निम्म्या लोकांनी काळी बाजू बाहेर लावलेली असते कारण ती "छान दिसते".

हे सगळं मी जेवताना सांगत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग बाहेरून टाक की." आणि कपाटातून जुनी सोलापुरी चादर काढून दिली, मरून, कडेला मोर. पुढच्या मंगळवारी काचेवर बाहेरून चादर अंथरली, दोन टोकं पुढच्या दोन दारांत चिमटली, वायपर वर ठेवले. अडीच वाजता हवा ४५ आणि डॅशबोर्ड ४६! साठ-सत्तर रुपयांच्या (त्या काळातल्या) चादरीने टायटॅनियमला हरवलं. मग छत्री कशाला ठेवली असं विचाराल तर, चादर संध्याकाळी धुळीने भरलेली असते, ती झटकायची, घडी करायची, आणि वाऱ्याने एक टोक सुटलं की ती बॉनेटवर येऊन लोळते. शिवाय वॉचमन काकांनी येऊन अगदी काळजीने विचारलं, "मॅडम, गाडी आजारी आहे का?" त्यानंतर सगळा फ्लोअर मला गाडीची तब्येत विचारायला लागला. सोसायटीत रविवारी लावते चादर, ऑफिसात छत्री.

नवऱ्याने दरम्यान स्वतःचं डोकं लावून एक सोलरवाला पंखा ऑनलाईन मागवला, हजाराला एक रुपया कमी. खिडकीच्या काचेवर अडकवायचा, वर तळहाताएवढं सोलर पॅनेल, आत छोटासा पंखा, तो म्हणे गरम हवा बाहेर फेकतो. घेऊ नका. साधा हिशोब आहे, भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॉट पडतात, म्हणजे समोरच्या एकट्या काचेतून कितीतरी शे वॉट आत येतायत, आणि तळहाताएवढ्या पॅनेलमधून जोर लावून दोन-तीन वॉट निघणार. तेवढ्यावर तो पंखा सत्यनारायणाच्या प्रसादाला माश्या बसू नयेत म्हणून ठीक. थर्मामीटरवर एक डिग्रीचाही फरक नाही, उलट काच थोडी खाली ठेवावी लागते आणि रबराची पट्टी नीट बसत नाही त्या फटीतून धूळ. परत केला, पैसे आले, तेवढं बरं झालं.

काच दोन बोटं उघडी ठेवण्याचं पण असंच. आपण सगळेच करतो, थोडा फायदा होतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नये. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी २००५ मध्ये अभ्यास छापला होता, त्यात काच थोडी खाली ठेवल्याने गाडी तापायच्या वेगात फारसा फरक पडला नाही, आणि तासाभरात जेवढं तापमान वाढतं त्यातलं ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच वाढलेलं असतं. हे वाचून मला मार्केटबाहेर दिसणाऱ्या गाड्या आठवल्या, आत मूल झोपलंय, काच दोन बोटं उघडी, "पाच मिनिटात भाजी घेऊन येते". बाई गं, नको. शेड लावली असली तरी नको, ४८ ची हवा ही ४८ चीच असते, मांजर-कुत्र्यालाही ठेवू नका.

बरं, मग गाडी गार करायची कशी. फुकटात. मागची डावीकडची काच पूर्ण खाली करायची आणि ड्रायव्हरचं दार पाच-सहा वेळा उघडायचं आणि मिटायचं, आपटायचं नाही, पंख्यासारखं हलवायचं. दार बाहेर जाताना आतली गरम हवा ओढून नेतं आणि त्या खाली केलेल्या काचेतून बाहेरची आत येते. जपान्यांनी हेही मोजलंय, ५५ ची हवा साडेसत्तेचाळीसवर आली. बाहेरची ३९ ची हवा आपल्याला उकाडा वाटते, पण ५१ च्या गाडीसाठी ती महाबळेश्वर आहे, हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सोपं होतं. म्हणूनच बसल्या बसल्या काचा बंद करून एसी फुल्ल करणं हा शुद्ध गाढवपणा, एसी बिचारा ५१ ची हवा गार करत बसतो जेव्हा बाहेर ३९ ची फुकट पडलीये. चारही काचा खाली, एसी चालू, हवा बाहेरून घ्यायच्या सेटिंगवर, आणि गाडी हलवायची. उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, त्याच्या पट्ट्यावर चालणारा एसीचा कॉम्प्रेसरही हळू फिरतो, आणि पुढच्या जाळीला वारा लागत नाही. पार्किंगमधून बाहेर पडून दीड-दोन मिनिटं असं चालवलं की काचा बंद आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबायचं. जेएएफच्या चाचणीत अशा पद्धतीने पाच मिनिटांत ५५ वरून २८ वर आली. नगर रोडवर पाच मिनिटांत मी एक सिग्नल पार करते, त्यामुळे मला सात-आठ मिनिटं लागतात, पण शास्त्रीनगर चौक यायच्या आत माणसात येते.

दार हलवताना लोक बघतात. बघू देत. आमच्या ऑफिसातले दोघं आता तेच करतात, एकाने तर मला विचारलं मंत्र काय म्हणायचा असतो.

अजून एक गोष्ट मला ह्या नादात कळली ती म्हणजे तोंड कुठे करून लावायची. पुण्यात ऊन डोक्यावर बाराला येत नाही, साडेबाराला येतं, आणि १३-१४ मेला शून्य सावलीचा दिवस असतो तेव्हा तर नेमकं टाळूवर. त्या वेळी मोठा मार टपाला बसतो, काचेला त्यामानाने कमी. काचेतून आत जास्त भाजणारं ऊन हे दोननंतरचं, पश्चिमेचं. तर शेड नसेल तर गाडीची पाठ पश्चिमेला करा, म्हणजे मोठी काच वाचते. पण शेड असेल तर उलटं, तोंडच पश्चिमेला, कारण जिथे ढाल आहे तिथेच वार घ्यायचा. मी आधी एक महिना शेड लावून पूर्वेला तोंड करून उभी करत होते, म्हणजे दुपारभर ढाल पाठीला बांधून लढत होते.

आणि झाडाला तोड नाही हे मान्यच करायचं. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०१८ च्या अभ्यासात तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ ला गेले आणि सावलीतल्यांचे ४८ ला, आणि हवाही उन्हात ४७ तर सावलीत ३८. हवा नऊ डिग्रीने! कुठल्याच शेडला हे जमत नाही. त्यामुळे प्रभात रोड, भांडारकर रोडवर राहणाऱ्यांनी हा रिव्ह्यू वाचून आमच्यावर हसावं, त्यांना फक्त चिमण्या-कावळ्यांचा आणि झाडाच्या चिकाचा प्रश्न. आम्हा खराडीवाल्यांना एक सुबाभूळ.

शिमला ऑफिसच्या आकड्यावर पण जाऊ नका. आपल्या हवामान खात्याचं ऑफिस १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं म्हणून शिवाजीनगरच्या त्या जागेला आजही शिमला ऑफिस म्हणतात, मे महिन्यात त्या चौकातल्या सिग्नलला उभं राहिलं की नावाची फार मजा वाटते. तर तिथला थर्मामीटर पांढऱ्या जाळीच्या लाकडी पेटीत सावलीत असतो, त्यामुळे बातमीतले ३९ हे सावलीतले ३९. डांबरावर उभ्या गाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

नाना पेठेत दुकानदाराने काळी फिल्मही सुचवली होती, "सगळे लावतात मॅडम". सगळे दंडही भरतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला पाहिजे, सुप्रीम कोर्टाने २७ एप्रिल २०१२ ला फिल्मच बंद केल्या, मग नियम बदलले आणि केरळ हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं की ७०-५० पाळलं तर फिल्म चालेल. पण हे सगळं मी चौकात पोलिसदादांना उन्हात उभं राहून समजावणार का, तर नाही. छत्री गाडी चालवताना काढलेलीच असते, तिला कोणी पावती फाडत नाही.

डॅशबोर्डवर आणि सीटवर काय सोडू नये ते पण अनुभवाने सांगते. डिओचा डबा वाचून बघा, त्यावर ५० डिग्रीच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं आणि तुमचा डॅशबोर्ड ७१ आहे. लायटर, पॉवर बँक तेच. लिपस्टिक गेली दोन. देवगडच्या हापूसची पेटी एक दुपार डिकीत राहिली तर सहा आंबे एका दुपारीच उतले आणि आठवडाभर गाडीला वास, तो तसा काही वाईट नव्हता. आणि तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काचेला आधीच बारीक टवका असेल तर तिथून तडा धावतो.

तर छत्री. कापड दोन महिन्यांनी अजून चांगलं आहे, चंदेरी रंग एका कोपऱ्यात किंचित उडालाय. बाप्पा नवी टेप लावल्यापासून जागेवर आहेत. काड्या मात्र नाजूक, सहाव्या आठवड्यात एका काडीचं टोक कापडातून निसटलं आणि तो कोपरा कोंबडीच्या पंखासारखा खाली लोंबायला लागला. वॉरंटीचं विचारलं तर दुकानदाराने फक्त पाटीकडे बोट दाखवलं. त्यासाठी दीड स्टार कापला.

जूनच्या पहिल्या शनिवारी, आभाळ भरून आलेलं, मंडईजवळ छत्री दुरुस्तीवाले काका बसतात त्यांच्याकडे गेले. समोर घरोघरच्या काळ्या छत्र्यांचा ढीग. मी माझी काढून दिली. त्यांनी उघडली, सगळ्या बाजूंनी फिरवली, चौकोनी बघून जरा थांबले, चंदेरी बाजूवर नख घासलं, मग ती डोक्यावर धरून दांडा कुठे येतो ते बघितलं.

"ताई, ह्याच्यात पावसात उभं कसं राहायचं?"

म्हटलं, काका, ही गाडीची आहे, आतून लावायची, उन्हासाठी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि काही न बोलता सुई-दोरा घेऊन काडीचं टोक शिवून दिलं. चाळीस रुपये.